आबा इंगवल्यांची लाल रेघ

मुक्ता, परवा तुझा मोबाईल भांडी घासायच्या पाण्यात पडला आणि तू रोहनच्या फोनवरून रडवेल्या आवाजात मला विचारलंस, "आजी, तांदळात ठेवू का गं?" तेव्हा मला एकदम हसू फुटलं आणि तू रागावलीस. ते हसू तुझ्यासाठी नव्हतं. तुझ्या तोंडून 'तांदळात' हा शब्द आला आणि माझ्यासमोर आमचे जुने शेजारी आबा इंगवले उभे राहिले, गुडघ्यापर्यंत लेंगा दुमडून. तुम्ही दोघांनी त्यांना पाहिलेलं नाही. तेव्हा नीट पहिल्यापासून सांगते. रोहनला मराठी वाचायला जड जातं, त्याला तू मोठ्यानं वाचून दाखव. कोल्हापुरी बोलणं मोठ्यानं वाचलं की आपोआप समजतं.

आमची गल्ली नदीकडे उतरत जाणारी. वरच्या टोकाला रस्ता आणि दुकानं, खालच्या टोकाला उसाची शेतं, आणि त्यापलीकडे पंचगंगा. आमचं घर मधोमध, आणि आबांचं आमच्या खालच्या अंगाला, भिंतीला भिंत लागून. आबा पाण्याशी संबंध असलेल्या एका सरकारी खात्यात होते. खात्यात होते, पाण्यात नव्हते. त्यांची सगळी नोकरी खुर्च्या, टाचण्या आणि कार्बन पेपर यांची आवक-जावक बघण्यात गेली. पण नव्वदच्या सुमारास ते निवृत्त झाले आणि गल्लीत त्यांची नवी नेमणूक झाली. ती त्यांनी स्वतःच केली. नदी, पाऊस, ओल, गळती, मोरी, टाकी, यांपैकी कशाचाही विषय निघाला की आबा दारात.

"आमी तीस वर्सं पाण्यात काडली," असं ते म्हणत. त्यांची बायको, सुमनवहिनी, आतून म्हणायची, "व्हय, आणि पोहायला येत न्हाय."

आबा ठेंगणे, छाती पुढे काढून चालणारे. लेंगा बारा महिने दुमडलेला, जणू आत्ता पाणी येईल आणि आत्ता त्यात उतरावं लागेल. छत्री काखेत, पण ती मी कधी उघडलेली पाहिली नाही. "पाण्याला भ्यालं की पाणी अंगावर येतंय," हे त्यांचं तत्त्वज्ञान. पावसाळाभर त्यांना सर्दी असायची.

घराच्या ओलीवर त्यांचा विशेष अधिकार. एकदा आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला पोपडे आले. मी गवंड्याला निरोप धाडला, त्याच्याआधी आबा आले. त्यांनी भिंतीवर तळवा ठेवला, मग गाल ठेवला, मग डोळे मिटले. डॉक्टर नाडी बघतात तसं सगळं चाललं होतं. तुमचे आजोबा पेपरात तोंड घालून बसले होते, म्हणजे हसत होते.

"वैनी, ही ओल खालची न्हाय."

"बरं."

"आणि ही वरची बी न्हाय."

"मग कुठली आहे?"

आबांनी डोळे उघडले. "ही आतली हाय."

एवढं सांगून ते चहासाठी बसले. उपाय म्हणून त्यांनी भिंतीला भोकं पाडायला सांगितलं. भिंतीला श्वास हवा, असं त्यांचं म्हणणं. मी पाडली नाहीत. समोरच्या पाटलांनी पाडली. पावसाळ्यात त्या भोकांतून पाणी तर आलंच, शिवाय एक बेडूक आला. पाटील तावातावाने बोलवायला गेले, तर आबांनी येऊन बेडकाकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाले, "बेडूक आला म्हंजे भिंत जित्ती हाय. मेलेल्या भिंतीत बेडूक येत न्हाय."

आणि त्यांचं स्वतःचं घर? त्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, भिंतभर कॅलेंडरं होती. दूध संघाचं, सोसायटीचं, सराफाचं, खताच्या दुकानाचं, काही तर गेल्या पाच-सहा वर्षांची. मला आधी वाटलं माणूस भाविक आहे, कारण प्रत्येकावर देव होता. मग एका आषाढात वाऱ्याने अंबाबाई उडाली आणि मागे हातभर काळी ओल दिसली. आबांच्या घरात नवा देव आला की समजायचं, नवी ओल आली.

आबा कोणाच्याही घरी गेले की चहा मागून घेत. फक्त गल्लीच्या वरच्या टोकाला, सुनीता कांबळेच्या घरी मात्र त्यांचा "आत्ताच झाला" असायचा. सुनीता सरकारी दवाखान्यात नर्स होती. वडील गिरणीत होते, त्यांच्यानंतर तिने स्वतःच्या पगारातून घर बांधलं, गल्लीतलं पहिलं स्लॅबचं, दोन मजली. सोप्यात बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. तिच्या टाकीची गळती बघायला आबा हौसेने जात, गच्चीवर चढत, सल्ला देत, आणि चहाचा कप पुढे आला की पोटावर हात फिरवत. "आत्ताच झाला की!" सुनीता कप परत नेताना एकदा मला म्हणाली, "बाई, आबांचा चहा आमच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरच होतो बहुतेक." मला ती बाई म्हणायची, कारण शाळेत तिला मी इंग्रजी शिकवलं होतं.

आता सुमनवहिनीबद्दल सांगायला हवं, कारण पुढच्या सगळ्या प्रकरणात जीव अडकला होता तो तिचा. इंगवल्यांच्या घरात पाण्याने नासण्याजोगी खरी मोलाची वस्तू एकच होती, वहिनीच्या शिवणाच्या मशिनी. दोन पायमशिनी आणि एक जुनी हातमशीन, लाकडी पेटीतली, वर मूठ असलेली. हातमशीन तिच्या आईची, नेसरीहून लग्नात तिच्याबरोबर आलेली. बाकीच्या दोन तिने ब्लाउज शिवून शिवून घेतल्या होत्या. दुपारी सोप्यात शिवणक्लास चाले. गल्लीतल्या निम्म्या मुली तिथेच काजं-बटणं शिकल्या. मुलगा पुण्याला, नवऱ्याची पेन्शन नवऱ्याच्या हातात. वहिनीला स्वतःचं म्हणावं असं त्या तीन मशिनींपलीकडे काही नव्हतं आणि तिला ते पक्कं माहीत होतं. आबांना माहीत होतं की नाही, ते मला बरेच दिवस कळलं नाही.

लाल रेघेची सुरुवात अशी झाली. एकोणनव्वदच्या पुरात आबांच्या सोप्यात कमरेएवढं पाणी आलं होतं. पाणी ओसरल्यावर भिंतीवर गाळाचा पट्टा राहिला. निवृत्तीनंतर आबांनी त्या पट्ट्यावर लाल तेलरंगाने रेघ ओढली आणि जाहीर केलं, "ह्याच्या वर पाणी आलेलं न्हाय आणि येणार बी न्हाय." तेवढ्यावर ते थांबते तर बरं होतं. पण त्यांना वाटलं, गल्लीला या ज्ञानाचा उपयोग व्हायला हवा. मग ते गवंडी वापरतात तसली पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन घरोघर फिरले. नळीचं एक टोक आपल्या रेघेला, दुसरं शेजारच्या भिंतीला. तिथे पाणी थांबेल तिथे लाल खूण. मग त्या घरातून पुढच्या घरात. प्रत्येक घरी चहा.

पद्धत शास्त्रशुद्ध होती, मीही मान डोलावली. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला होता आणि आबा चहा पिताना नळी चुलीजवळ ठेवत होते. परिणाम असा, की आमची आणि त्यांची भिंत एकच असूनही त्यांच्या बाजूला रेघ कमरेशी आली आणि आमच्या बाजूला खांद्याशी. मी ते दाखवलं.

आबांनी दोन्हीकडे जाऊन पाहिलं. थोडा विचार केला. "वैनी, पाणी घर बगून शिरतंय."

गल्लीने मात्र रेघ मानली. लोकांनी रेघेच्या वर फळ्या ठोकल्या, रेघेच्या वर टीव्ही चढवले, पाटलांनी सुनेचं कपाट विटांवर रेघेएवढं उचललं. नवीन भाडेकरू आला की घरमालक अभिमानाने सांगे, "आमच्याकडं इंगवल्यांची रेघ हाय." पंधरा वर्षं पाणी रेघेपर्यंत आलंच नाही, त्यामुळे रेघ खरी ठरत गेली. न घडलेल्या गोष्टींवर माणसाची कीर्ती कशी वाढते, याचं इतकं सुंदर उदाहरण मी दुसरं पाहिलं नाही.

मग मोबाईल आला. मुलाने पुण्याहून आपला जुना दिला. गल्लीत तोवर दोघातिघांकडेच होता. पाण्याचा अधिकारी म्हणून आबांनी पहिली गोष्ट केली ती ही, की मोबाईल दुधाच्या पिशवीत घातला आणि वर रबर लावला. बोलायचं ते पिशवीसकट. पलीकडच्याला काही ऐकू येत नसे म्हणून आबा ओरडत, आणि आबा ओरडत म्हणून सगळ्या गल्लीला ऐकू येई. कानाला लावलेल्या त्या पिशवीवर "फुल क्रीम" असं लिहिलेलं असे.

आणि एवढा बंदोबस्त करूनही तो पडलाच. पाटलांच्या नव्या टाकीत पाणी किती आहे ते बघायला आबा वाकले आणि खिशातला मोबाईल टाकीत. पिशवीला तळाशी भोक होतं. दूध काढताना पाडलेलं.

टाकी रिकामी करून मोबाईल काढला. आबांनी तो झटकला, कानाला लावून हलवला, आतलं पाणी ऐकलं. मग घरी जाऊन वहिनीच्या तांदळाच्या डब्यात खोल पुरला. साधा तांदूळ नव्हे, आजऱ्याचा घनसाळ. वहिनीची बहीण दरसाल पाठवायची. डबा उघडला की गल्लीत वास जायचा, आणि वहिनी तो फक्त सणाला काढायची.

"आवो, रेशनचा तांदूळ हाय की बाजूला!" वहिनी कळवळली.

"रेशनचा तांदूळ स्वतःच ओला असतोय. ह्याला जुनाच पायजे. जुना तांदूळ पाणी वडतोय."

"आणि मी भात कशाचा घालू?"

"मोबाईल सुकूस्तवर चपात्या खा की."

आठवडाभर तो डबा उघडायची कोणाला परवानगी नव्हती. मग एका सकाळी वहिनी चूल पेटवत असताना डब्यातून गाणं ऐकू आलं. ती पळी घेऊन बाहेर पळाली. आबांनी डबा उघडून मोबाईल वर काढला, तांदूळ झटकले आणि विजयी आवाजात म्हणाले, "हॅलो!" पलीकडे कोणी नव्हतं. गजर वाजला होता.

पण मोबाईल जगला आणि आबांना नवी शाखा मिळाली. त्यानंतर गल्लीतला प्रत्येक भिजलेला फोन त्या डब्यात दाखल होऊ लागला. म्हशीच्या घमेल्यात पडलेला, धुण्यात गेलेला, ताकात बुडालेला. काही सुधारले, बरेच गेले. सुधारला तो आबांमुळे, गेला तो "मालकानं उशीर केला" म्हणून. गौरीच्या जेवणाला वहिनीच्या पाहुण्यांच्या ताटात, त्या सुगंधी भातात, एक बारीक स्क्रू निघाला. त्या दिवसापासून वहिनीने घनसाळ सुनीताकडे ठेवायला दिला. वर, कोरड्यात. तिच्या वस्तू वर जायला सुरुवात झाली ती तेव्हा, पण आबांच्या ते लक्षात आलं नाही.

आणि मग दोन हजार पाचचा पावसाळा.

कोल्हापुरात पूर आला की लोक घाबरायच्या आधी पाणी बघायला जातात. पोराबाळांना खांद्यावर घेऊन, कणसं खात, जत्रेला जावं तसं. पुलाच्या दगडी कमानींवर पाणी एका ठरावीक उंचीला टेकलं की 'मच्छिंद्री झाली' म्हणतात आणि ती बातमी वाऱ्यासारखी पेठापेठांतून फिरते. आबा त्या दिवसांत सकाळी उठून पुलावर जात, संध्याकाळी परत येत आणि दिवसभर मोबाईलवरून गल्लीला वार्ता देत. आमच्या घरचा फोन बिघडलेला होता, म्हणून फोन येई तो सुनीताच्या घरी. वार्ता ऐकायला सगळ्या बायका तिथे जमत.

"मच्छिंद्री झाली! पण कुणी हलायचं न्हाय! माजी रेघ हाय!"

पाऊस थांबेना. धरणांचे दरवाजे उघडल्याची बातमी आली. उसाची शेतं दिसेनाशी झाली. गल्लीच्या खालच्या टोकाची दोन घरं रिकामी झाली. वहिनी म्हणाली, "मशिनी सुनीताकडं वर न्हेऊन ठेवू."

आबा ताडकन उठले. "इंगवल्याच्या घरातनं सामान हाललं तर गल्ली काय म्हनंल? पंधरा वर्सं लोकांनी माज्या शब्दावर फळ्या ठोकल्यात."

"शब्द न्हाय हो भिजत. मशिनी भिजत्यात."

"मी जित्ता असताना तुजी मशीन भिजत न्हाय!"

त्यांनी दोन्ही पायमशिनी बाकांवर चढवल्या, हातमशिनीची पेटी डोक्याएवढ्या उंच फळीवर ठेवली, आणि बाकांवरच्या मशिनीही रेघेच्या चार बोटं वर आल्या हे बोटं लावून दाखवलं. मग सांगितलं, रोज संध्याकाळी येऊन तपासणार. आणि तपासत होते. पायमशिनींच्या खोळींवर थोपटायचे, पेटीची मूठ धरून ती किंचित उचलून बघायचे, जड लागली की समाधानाने ठेवायचे.

वहिनी दोन रात्री झोपली नाही हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. तिसऱ्या दिवशी आबा पुलावर गेल्यावर ती आमच्याकडे आली. पदर खोचलेला. "बाई, मी मशिनी हलवतो. तुमी येता काय?" कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात. तुमची आई लग्न होऊन आली तेव्हा हे ऐकून तोंडाला पदर लावायची.

क्लासच्या मुली आल्या, पाटलांची सून आली. आबा मध्येच परत आले तर काय, ही एकच भीती होती. पण ती आबांनीच दूर केली. दर थोड्या वेळाने सुनीताचा फोन वाजे आणि पिशवीतून आवाज येई, "मी पुलावर हाय! पानी वाडतंय! पण कुणी हलायचं न्हाय!" सुनीता गॅलरीतून खाली खूण करी, आणि गल्ली हलू लागे.

पायमशिनींची वरची यंत्रं स्क्रू काढून सुटी केली. मुलींनी ती लहान बाळासारखी कडेवर घेऊन चिखलातून वर नेली. लोखंडी पाय आणि टेबलं होती तिथेच राहिली. यंत्राच्या जागी एकेक पितळी घागर उपडी घातली आणि वरून खोळ. हुबेहूब. हातमशीनही काढून वर गेली. तिच्या रिकाम्या पेटीचं काय करायचं, यावर थोडी चर्चा झाली, कारण ती आबा उचलून बघत. वहिनी आत गेली आणि वरवंटा घेऊन आली. जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तो पेटीत ठेवला, पेटी उचलून वजनाचा अंदाज घेतला, आणखी एक बत्ता घातला, झाकण लावलं. सगळं करताना तिचा चेहरा अगदी शांत होता, पाहुण्याला डबा भरून देतात तसा.

संध्याकाळी आबा आले. खोळींवर थोपटलं. पेटी उचलून बघितली. "जाग्यावर हाय," म्हणाले.

पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत शिरलं, आणि दुपारपर्यंत आम्ही सगळे सुनीताच्या घरी होतो. माणसं गच्चीवर, सामान माडीवर. आबा आले नाहीत. वहिनीने दोनदा बोलावलं. ते सोप्यात खुर्चीवर पाय वर घेऊन रेघेकडे बघत बसले होते. पाणी रेघेला लागलं, मग रेघ बुडाली. रंग पक्का होता, पाण्याखालीही बराच वेळ लाल दिसत होती म्हणे.

वरच्या रस्त्यावरून पोरांनी एक काहील आणली. गुऱ्हाळात गूळ ज्यात शिजवतात ती प्रचंड कढई. आमच्याकडे पुरात होडी कमी आणि काहील जास्त दिसते. ती गोल फिरत फिरत आबांच्या दाराशी गेली. आम्ही गच्चीच्या कठड्याला टेकून बघत होतो. पोरं हाका मारत होती, "आबा, चला की! रेघंला सलाम करून चला!"

आबा दारात आले. गळ्यापर्यंत पाणी. त्यांनी काहिलीचा काठ धरला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, काठ सोडून ते परत आत गेले.

"कुठं चालला?" वहिनी गच्चीवरून ओरडली.

आत अंधार होता. आम्हाला काही दिसेना. पोरं शिव्या देत होती. माझ्या शेजारी वहिनी कठड्यावरून अर्धी बाहेर वाकली होती. आणि मग दारातून आधी पेटी आली. दोन हात, त्यावर पेटी, खाली नुसती नाकपुडी वर असलेलं आबांचं डोकं. पोहायला न येणारा माणूस टाचा उंच करून, तोंडात पाणी जात असताना, वरवंटा डोक्यावर घेऊन येत होता.

"टाका ती खाली!" वहिनी किंचाळली. "टाका! काय न्हाय त्यात!"

पण आबांनी आयुष्यात कधी तिचं ऐकलं नव्हतं, ते आत्ता काय ऐकणार? "भिऊ नको!" ते बुडबुड्यांतून ओरडले. "आणतोय! कोरडी हाय!"

त्यांचा पाय घसरला. डोकं पाण्याखाली गेलं. पेटी मात्र वर राहिली, दोन्ही हातांवर, सरळ. एका पोराने काहिलीतून झेप घेऊन त्यांच्या शर्टाची कॉलर धरली तेव्हाही त्यांनी पेटी सोडली नाही. आधी ती काहिलीत ठेवली, मग स्वतः चढले.

त्यांना गच्चीवर आणलं. शर्टाच्या खिशात मोबाईल होता, पिशवीसकट, पाण्याने टम्म फुगलेला. त्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. पेटी वहिनीच्या पायाशी ठेवली. "बग. कोरडी हाय का बग."

वहिनी बघेना. मग पाटलांच्या सुनेने, ती जरा आगाऊच होती, झाकण काढलं. वर्तमानपत्र. त्यात वरवंटा. शेजारी बत्ता.

सगळी गच्ची हसली. इतक्या दिवसांची भीती एकदम बाहेर पडावी तशी हसली. तुमचे आजोबा हसले, पोरं हसली, मीही हसले. पाटील म्हणाले, "आबा, आता चटणी वाटायची सोय झाली बगा!" एक वहिनी हसली नाही आणि एक आबा.

आबा वरवंट्याकडे बघत होते. मग त्यांनी वर पाहिलं. "मशीन?"

"आत. सुनीताच्या खोलीत. सगळ्याच हैत."

"कवापास्नं?"

"काल तुमी पुलावर हुता तवा."

मला वाटलं, आता आरडाओरडा होणार. आबांनी तोंडावरचं पाणी पुसलं. "चालतीय न्हवं?"

"चालतीय."

"मग झालं," ते म्हणाले आणि भिंतीला टेकून बसले. सुनीताने टॉवेल आणून दिला आणि मग चहाचा कप पुढे केला. कप तसाच धरून म्हणाली, "का आत्ताच झालाय, आबा?" आबांनी दोन्ही हातांनी कप घेतला. पाणी ओसरेपर्यंत ते तिच्या घरी राहिले, तिथेच जेवले, आमटी दोनदा मागून घेत होते. मीठ कमी आहे असंही एकदा म्हणाले.

इथे मी थांबले तर तुम्हाला वाटेल, आबा बदलले. छे! गाळ उपसून होतो न होतो तोच ते वरच्या रस्त्यावर लोकांना सांगत होते, "वरवंटा ठेवायची आयडिया माजीच. चोर शिरला तर फसावा म्हनून." पाटलांच्या सुनेचं विटांवर उचललेलं कपाट फुगून उघडेनासं झालं, त्यातले लग्नातले शेले-शालू कुजले. आबा तिला सांगायला गेले की शालू तांदळाच्या कोंड्यात पुरून ठेव. तिने त्यांना जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही. लोकांनी आपापल्या भिंतींवरच्या लाल रेघा खरवडून काढल्या, आणि बऱ्याच घरांत रेघेबरोबर गिलावाही निघाला.

वहिनीच्या मशिनी मात्र खाली परत आल्या नाहीत. तिने कोणाला काही जाहीर केलं नाही, भांडण केलं नाही. सोपा वाळायला वेळ लागेल म्हणून क्लास काही दिवस सुनीताच्या माडीवर घेते, असं म्हणाली. सोपा वाळला. क्लास वरच राहिला. मग त्यावर पाटी लागली, आणि ती पाटी सुमनवहिनीच्या नावाची होती.

आम्ही गल्ली सोडून इकडे फ्लॅटमध्ये आलो, त्याच्या आदल्या आठवड्यात मी वहिनीला माप द्यायला गेले होते. पावसाळा तोंडावर होता. आबा सुनीताच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते, लेंगा दुमडून. क्लास सुटला की वहिनीबरोबर घरी जायचे, त्यासाठी रोज येऊन बसत. वरून मशिनींचा आवाज येत होता. तेवढ्यात एक माणूस आला. उचगावकडचा होता, पाटलांची खोली भाड्याने बघायला आलेला. त्याने आबांना वडीलधारे समजून नमस्कार केला.

"आजोबा, पुराचं पाणी हितं कुठवर येतंय?"

आबांची छाती पुढे आली. बोट उठलं. तोंड उघडलं. मी पायरीवर थांबले, आता तीस वर्षं निघणार म्हणून. वर एक मशीन थांबली, दुसरी चालू झाली. आबांनी उघडलेलं तोंड मिटलं, ते बोट हळूच वर, जिन्याच्या दिशेला वळवलं आणि अंग चोरून पायरीवर त्या माणसाला जायला वाट करून दिली.

"मला काय इचारतायसा, पावणं," ते म्हणाले. "वर इचारा."